मृगाआधी कोठी भरा

चला, पदर खोचा नाहीतर बाह्या सरसावा. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: पाला किड्यांना बाहेर ठेवतो, आत शिरलेल्यांना मारत नाही. कडुलिंब, एरंडेल, लवंग, राख हे सगळे राखणदार. चोर घरातच बसलेला असेल तर दाराशी राखणदार उभा करून काय फायदा? म्हणून या कृतीत निम्म्याहून अधिक मेहनत झाडण्याची, चाळण्याची आणि वाळवण्याची आहे. क्रम मोडलात तर पाला वाया जाईल, धान्यही जाईल.

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत कधीही हे काम काढा. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, कोठीचं झाकण बंद झालेलं असावं. इथे आपण ५० किलो गहू, १० किलो तूरडाळ, १० किलो तांदूळ आणि ५ किलो मूग-मटकी धरून चाललो आहोत. तुमचं धान्य कमीजास्त असेल तर प्रमाण त्या हिशेबाने करा.

हाताशी काढून ठेवा: पत्र्याची कोठी, ताडपत्री किंवा जुन्या चादरी, गव्हाची चाळणी, सूप, जुनी सुती साडी किंवा धोतर, सुतळी, मोठी परात, रुंद चिकटपट्टी, खाण्यायोग्य एरंडेल आणि झाकणाची एक काचेची बरणी.

पाला आधी, कारण त्याला वेळ लागतो

१. कडुलिंबाचं झाड नीट ओळखा. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पानं एकेरी ओळीत असतात, कडा कातरलेल्या आणि प्रत्येक पान तळाशी थोडं वाकडं. बकाण निंब लांबून थेट असाच दिसतो, पण त्याच्या देठालाच पुन्हा बारीक देठ फुटलेले असतात. शंका आली तर ते झाड सोडा, दुसरं शोधा.

२. जून, गडद हिरव्या पानांच्या डहाळ्या तोडा. दीड-दोन किलो पाला लागेल. वाळून तो अर्ध्याच्या आत येतो. तांबूस कोवळी पालवी पाडव्याला ठीक, पण वाळली की तिचा भुगा होतो. वाहत्या रस्त्याकडेच्या झाडाचा पाला नको, त्यावर धुरळा आणि काजळी बसलेली असते. कडुलिंब जवळपास नसेल तर ओढ्याकाठची नाहीतर बांधावरची निरगुडी घ्या, पुढची कृती तीच.

३. डहाळ्या झटकून एकदा पाण्यातून काढा. भिजत ठेवू नका.

४. डहाळ्यांच्या जुड्या बांधून त्या सावलीत, वाऱ्याच्या जागी, दोरीवर उलट्या टांगा. चार-पाच दिवस लागतात. घाई म्हणून उन्हात टाकाल तर पाला एका दिवसात वाळेल खरा, पण ज्या उग्र वासासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तोच उडून जाईल.

५. पाला वाळला का ते हाताने बघा. मूठभर पानं तळहातावर चुरा; चुरचुर आवाज होऊन तुकडे पडले पाहिजेत. एवढ्यावर थांबू नका, मधला देठ वाकवून बघा. तो काडीसारखा कट्‌कन मोडला तर पाला तयार. नुसता वाकला तर देठात ओल आहे, जुड्या आणखी दोन दिवस टांगून ठेवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. वरून पानं कडक लागतात, देठातली ओल कोठीत उतरते आणि पंधरा दिवसांत धान्याला बुरशीचा वास येतो. मग दोष बिचाऱ्या कडुलिंबाला.

६. पानं देठावरून ओरबाडून घ्या. देठ टाकून द्या.

७. सुती कापडाचे वीत-दीड वीत चौकोन फाडा. कापड धुतलेलं आणि कडकडीत वाळलेलं हवं. सिंथेटिक साडी चालणार नाही, त्यातून वास बाहेर पडत नाही.

८. प्रत्येक चौकोनात दोन मुठी पाला घालून सुतळीने सैल पुरचुंडी बांधा. अशा आठ करा. पाला सुटा टाकण्याची पद्धत जुनी असली तरी मला ती पटत नाही. सहा महिन्यांनी त्याचा चुरा गव्हात मिसळतो, निवडून निघत नाही आणि दळणात जाऊन पोळी कडू होते. पुरचुंडी कशी, एका चिमटीत उचलली की काम झालं. उरलेला पाला फेकू नका, तळाला आणि वर लागणार आहे. त्यातला मूठ-दोन मूठ पाला कोठी पुसायलाही लागेल.

कोठीची झाडलोट

९. कोठी पूर्ण रिकामी करा. तळाशी गेल्या वर्षीचे चार दाणे राहिले तरी ‘राहू देत’ म्हणू नका. जुनं धान्य नव्यात मिसळणं म्हणजे किड्यांचं बियाणं घालणं. जुनं उरलं असेल ते वेगळ्या डब्यात काढा आणि आधी संपवा.

१०. कोठीचे सांधे, कडा आणि झाकणाची आतली घडी टाचणीने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. पीठ दिसेल, त्या पिठात बारीक हालचालही दिसेल. तेच पोरकिडे. अख्ख्या वर्षाची पैदास त्या नखभर फटीतून सुरू होते.

११. निघालेला कचरा लगेच घराबाहेर नेऊन जाळा. केराच्या टोपलीत टाकला तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा कोठीपाशी येईल, स्वतःच्या पायांनी.

१२. दोन मुठी पाला लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पाणी गाळून घ्या.

१३. त्या पाण्यात फडकं पिळून कोठी आतून-बाहेरून पुसा. पाणी ओतून विसळू नका, सांध्यात राहिलेलं पाणी पत्रा गंजवतं.

१४. कोठी झाकण काढून, आडवी करून, दिवसभर कडक उन्हात ठेवा. पत्र्याला हात लावला की चटका बसला पाहिजे.

१५. धान्य गोणीत ठेवणार असाल तर गोणी उलटी करून झटका, असंच कडुलिंबाचं पाणी जास्त करून त्यात पंधरा मिनिटं बुडवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. शिवणीला बोटांनी दाबून बघा, ओल सगळ्यात शेवटी तिथूनच जाते.

१६. कोठीची जागा ठरवा: खाली लाकडी पाट किंवा विटा, भिंतीपासून वीतभर अंतर. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको.

थांबा, हे तीन जिन्नस बाजूला ठेवा

पुढे जाण्याआधी घरात काय काय आणून ठेवलंय ते बघू. तांदळाला चोळायला बोरिक पावडर आणली असेल तर ती धान्यापासून दूर न्या. ती पोटात जाण्याची वस्तू नाही, आणि कितीही धुतलं तरी सगळी जाईल याचा भरवसा नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. हे भीती घालायला सांगत नाही, असे मृत्यू खरोखर झालेले आहेत. तिसरा बिब्बा. तो झाडाचाच म्हणून अनेक घरांत धान्यात टाकतात, पण त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि कोठीत हात घालणाऱ्याला बिब्बा कुठे दडलाय ते दिसत नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर बिब्ब्याचं नावच नको.

गहू वाळवणं

१७. गहू चाळून घ्या. खाली पडलेलं पीठ आणि फुटके दाणे वेगळे करा, कारण पोरकिडे आधी फुटक्या दाण्यावरच बसतात. ते दाणे आठवडाभरात दळून संपवा.

१८. सुपाने पाखडून काडीकचरा काढा.

१९. गच्चीवर ताडपत्री पसरून गहू दोन बोटं जाडीने पसरा. त्याहून जाड थर दिला तर वरचा भाजतो आणि खालचा तसाच राहतो. ताडपत्री काळी असेल तर फारच छान, गहू जास्त तापतो आणि आत दडलेल्या अळ्या उन्हानेच मरतात.

२०. तासातासाने गहू पायाने किंवा हाताने फिरवा. ‘सकाळी टाकला, संध्याकाळी काढला’ हे वाळवणं नव्हे.

२१. ऊन उतरलं की गहू गोळा करून झाका. रात्री उघडा राहिला तर दिवसभरात गेलेली ओल रात्रीत परत येते. असे दोन-तीन दिवस करा. वळवाची चिन्हं असतील तर गच्चीपासून लांब जाऊ नका.

२२. दाताखाली एक दाणा धरा. कट्ट आवाज होऊन दोन तुकडे झाले तर गहू वाळला. चपटला किंवा दाताला चिकटला तर आणखी एक दिवस ऊन द्या.

२३. मिठाने खात्री करा. कोरड्या काचेच्या बरणीत दोन मुठी गहू आणि दोन चमचे कोरडं मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं असेल तर गव्हात नक्की ओल आहे. सुट्टं खाली बसलं आणि दाताची परीक्षाही पास झाली, तरच पुढे चला. मीठ आधी तव्यावर परतून पूर्ण गार करून घ्या, नाहीतर मिठाचीच ओल गव्हाच्या माथी मारून बसाल.

२४. वाळलेला गहू घरात आणून रात्रभर पसरून गार होऊ द्या. ही पायरी गाळू नका, कितीही दमला असलात तरी! उन्हातला गरम गहू थेट कोठीत भरला की रात्री पत्रा गार पडतो, आतून घाम सुटतो आणि वरचा थर ओला होतो. तीन दिवसांची मेहनत एका रात्रीत जाते. सकाळी गव्हात कोपरापर्यंत हात घालून बघा. गार लागला की भरायला घ्या.

कोठी भरणं

२५. कोठीच्या तळाशी सुट्या पाल्याचा दोन बोटं थर द्या.

२६. त्यावर सुती कापड अंथरा. कापड कडेपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर गहू पाल्यात घरंगळतो.

२७. साधारण १२ किलो गहू ओता.

२८. दोन पुरचुंड्या गव्हात अर्ध्या दाबून ठेवा, एक मध्यावर आणि एक कडेला. दोन्ही मध्यावर ठेवू नका, किडे कडेच्या सांध्यातूनच शिरतात.

२९. गहू संपेपर्यंत थर आणि पुरचुंड्या अशाच चढवत जा. चार थरांत आठ पुरचुंड्या संपतील.

३०. सगळ्यात वर कापड घालून त्यावर उरलेल्या पाल्याचा थर द्या. कोठी गळ्यापर्यंत भरलेली उत्तम. गहू निम्म्यातच संपला असेल तर लहान कोठी घ्या. मोठ्या कोठीत अर्धा गहू म्हणजे अर्धी हवा.

३१. झाकण लावून कडेने चिकटपट्टी फिरवा. कणकेची लेई लावू नका, तो किड्यांना नैवेद्य होईल.

३२. झाकणावर आत काय आहे, किती आहे आणि कधी भरलं त्याची चिठ्ठी चिकटवा.

३३. वेखंडाचे चार-पाच तुकडे कापडात बांधून कोठीच्या खाली, पाटाशी ठेवा. वेखंड खाण्याच्या धान्यात घालायचं नाही, ना पूड ना तुकडे. त्याची जागा बाहेर पहाऱ्यावर.

फ्लॅटमध्ये राहता, पाला मिळत नाही, गच्चीची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात? मग पाल्याऐवजी गव्हालाही एरंडेल चोळा: दर १० किलोंना दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. चोळायची रीत खाली तूरडाळीत आहे तीच. मात्र तेल लावलेल्या गव्हात सुटा पाला टाकू नका, त्याचा चुरा दाण्याला असा चिकटतो की निवडता निवडता डोळे जातील. आणि बाल्कनीतल्या उन्हात का होईना, वाळवायचा मात्र असतोच.

तूरडाळीला एरंडेल

३४. डाळ चाळून एक दिवस ऊन द्या आणि गार करा. गार करण्याचं कारण वर सांगितलंच आहे.

३५. एरंडेलाची बाटली वाचून घ्या. खाण्यायोग्य असल्याचं त्यावर लिहिलेलं हवं. कारखान्यात यंत्राला लागणारं एरंडेलही बाजारात मिळतं, ते स्वस्त पडलं तरी नको.

३६. परातीत एका वेळी दोनच किलो डाळ घ्या. दहा किलो एकदम घेतली तर निम्मी तेलकट आणि निम्मी कोरडी राहते. कोरड्या निम्म्यात भुंगे होतात.

३७. दोन चहाचे चमचे एरंडेल तळहातावर घ्या. किलोला एक चमचा, ५ मिली, हे माप. डाळीवर थेट धार धरू नका, एरंडेल दाट असतं, एका जागी गोळा होतं.

३८. दोन्ही तळहातांमध्ये डाळ घेऊन तीन-चार मिनिटं चोळा. परातीच्या तळाची डाळ सारखी वर आणत राहा. आधी डाळ हाताला चिकटेल, ढेकळं होतील, मग हळूहळू सुटेल. दाण्याला मंद चकाकी आली आणि मूठ उघडल्यावर डाळ भुरभुर खाली पडली की झालं. हात ओशट राहिले असतील तर तेल जास्त झालंय. त्यात आणखी मूठ-दोन मूठ कोरडी डाळ घालून पुन्हा चोळा. ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब इथे चालत नाही, एरंडेल पोटात जास्त गेलं की काय होतं ते लहानपणी प्यायला लागलेल्यांना विचारा.

३९. डाळ कोरड्या डब्यात दाबून भरा. तेल लावल्यावर पुन्हा उन्हात टाकू नका, तेलाला खवट वास येतो.

४०. शिजवताना डाळ कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवा.

हरभराडाळ, मूगडाळ, उडीदडाळ यांनाही हेच. मसूरडाळ तेल लवकर पिते, तिला निम्मंच पुरतं.

तांदळाला लवंग, मिरची, तमालपत्र

४१. तांदूळ सावलीत, पंख्याखाली, दिवसभर पसरा. कडक उन्हात अजिबात नको. दाण्याला तडे जातात आणि भातात निम्मी कणी निघते.

४२. लवंगा २०-२५, तमालपत्रं ८-१० आणि सुक्या लाल मिरच्या १०-१२ काढून ठेवा. मिरच्या देठासकट आणि अखंड हव्यात. फुटकी मिरची तांदळात बी सांडते आणि महिन्याभराने वरणभात खाताना ठसका लागतो.

४३. लवंगांच्या चार छोट्या पुरचुंड्या बांधा. सुट्या टाकल्या तर साध्या भाताचा मसालेभात होईल.

४४. डब्यात थर-थर तांदूळ भरत मध्ये लवंगांच्या पुरचुंड्या, मिरच्या आणि तमालपत्रं पेरत जा. सगळं वरच्या थरात घालून मोकळे होऊ नका, किडे तळातून वर येतात.

आंबेमोहोर, बासमती असा वासाचा तांदूळ असेल तर मिरची आणि तमालपत्रावरच भागवा. लवंगेने त्याचा मूळ वास मरतो.

मूग-मटकीला राख

४५. मूठभर दाणे उजेडात धरून जवळून बघा. सालीवर टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्यांची अंडी. गोल भोक दिसलं तर त्यातून भुंगा बाहेर पडून गेलेला आहे. असं कडधान्य साठवू नका, परत करा.

४६. कडधान्याला दोन दिवस चांगलं ऊन द्या. मोड आणायचे असतील किंवा बी म्हणून ठेवायचं असेल तर काळी ताडपत्री नको, साधी चादर घ्या. जास्त तापलं तर कोंब येत नाही.

४७. चुलीची किंवा गोवऱ्यांची राख रात्रभर गार करून घ्या. वरून गार दिसणाऱ्या राखेत मध्यावर ठिणगी असते, काडीने ढवळून बघा. प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड किंवा कचरा जाळलेली राख वापरू नका.

४८. राख बारीक चाळणीने चाळा, नाक-तोंड रुमालाने बांधून.

४९. परातीत कडधान्य आणि राख मिसळा. मापाने कडधान्याच्या पाऊणपट ते तेवढीच राख घ्या. चिमूटभर राख भुरभुरण्याने काही होत नाही. दाण्या-दाण्यामधली जागा भरून गेली पाहिजे, भुंग्याला चालायलाच वाट राहू नये.

५०. मडक्यात किंवा डब्यात भरून वर तीन बोटं नुसत्या राखेचा थर द्या. हा थर हलवू नका. काढाल तेव्हा पुन्हा भरून घ्या.

५१. वापरताना आधी चाळा, मग तीन पाण्यांनी धुवा.

शहरात राख कुठून आणणार, हे मान्य. मग डाळीसारखं एरंडेल चोळा, त्याच मापाने. हुलगा, चवळी, वाल यांनाही दोन्हींपैकी काहीही चालतं.

काही शेतकरी घरांत बियाण्याला सीताफळाच्या बियांची पूड लावतात. ती फक्त पेरायच्या दाण्याला. खाण्याच्या धान्याजवळ ती नेऊ नका आणि हाताळताना डोळ्यांना हात लावू नका, डोळे वाईट रीतीने सुजतात.

रवा, बेसन, तिखट

५२. रवा मंद आचेवर कोरडा भाजून पूर्ण गार करून भरा. वर दोन तमालपत्रं ठेवा. रव्याला जाळी धरते ती ओलीमुळे आणि उघड्या झाकणामुळे, तमालपत्र एकटं किती लढणार.

५३. बेसन आणि मैदा महिन्याला पुरेल एवढाच आणा आणि आणल्यावर पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी ती घराच्या हवेइतकी होऊ द्या. नाहीतर पिठाला पाणी सुटतं.

५४. लाल तिखट, काळा मसाला आणि हळदीच्या बरणीत तळाशी, मध्ये आणि वर खडा हिंगाचे तुकडे दाबा. पूड हिंग नको, मसाल्यात मिसळून जातो आणि मग प्रत्येक भाजी हिंगाची.

पावसाळ्यातली राखण

५५. पंधरा दिवसांचं धान्य छोट्या डब्यात काढून ठेवा. मोठी कोठी रोज उघडायची नाही. दर वेळी झाकणाबरोबर दमट हवा आत जाते.

५६. धान्य काढायला उघडीप मिळेल तो दिवस निवडा आणि कोरड्या हाताने किंवा कोरड्या मापाने काढा. धुतलेला, ओला हात कोठीत घालणाऱ्याला घरात सगळ्यांनी मिळून ओरडावं.

५७. महिन्यातून एकदा कोठीत मध्यापर्यंत हात घाला. धान्य गार लागलं तर उत्तम. एखाद्या जागी कोमट लागलं तर तिथे किडे जमलेत, मग डोळ्यांना काही दिसो न दिसो. मूठ बाहेर काढल्यावर बोटांना पीठ लागलं असेल तर तीही त्यांचीच खूण.

५८. दसऱ्यानंतर ऊन पडू लागलं की पुरचुंड्यांमधला पाला बदला. नाकाला लावल्यावर वास येत नसेल तर त्यात नुसता कचरा उरलाय. नवा पालाही सावलीत वाळवूनच घालायचा, पायरी ४ आणि ५ पुन्हा वाचा.

तरीही किडे दिसले तर

घाबरू नका आणि वरून आणखी पाला टाकू नका. तो आता काही करणार नाही.

५९. धान्य कोठीसकट गच्चीत किंवा अंगणात न्या. स्वयंपाकघरात चाळायला बसाल तर किडे रव्याच्या डब्यात मुक्कामाला जातील.

६०. सगळ्या पुरचुंड्या आणि पाला काढून जाळा. त्यात अंडी असू शकतात, पुन्हा वापरू नका.

६१. धान्य काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून भर उन्हात ठेवा. पळून जाणारे किडे कडेने चालू लागतील, त्यांना झाडून घ्या. तांदूळ असेल तर ऊन नको. तो थोडा थोडा पिशव्यांत भरून चार-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. उघडण्याआधी त्या पिशव्याही घराच्या हवेला येऊ द्या.

६२. चाळून, पाखडून पोकळ दाणे काढा. मूठभर दाणे पाण्यात टाकून बघा, पोकळ दाणे तरंगतात. निम्मे तरंगले तर ते धान्य कोंबड्यांना घाला, घरात ठेवण्यात अर्थ नाही.

६३. धान्याला कुबट वास येत असेल, किंवा हिरवी-काळी बुरशी दिसत असेल, तर सगळं टाकून द्या. ते धुऊन, भाजून, दळून खाण्याजोगं होत नाही आणि गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालायचं नाही.

६४. नुसतेच किडे होते आणि धान्य ठणठणीत आहे, तर पायरी ९ वर जा. कोठी पुन्हा खरवडा, धान्य पुन्हा गार करा, नवा पाला बांधा आणि भरा. दुसऱ्यांदा भरलेली कोठी महिन्याने नव्हे, तीन आठवड्यांनीच उघडून बघा. उन्हातून वाचलेली अंडी असतील तर तोवर त्यांचे किडे चालू लागलेले असतात, आणि एवढ्यात सापडले तर एका चाळणीत काम आटोपतं.